आखणी बाकी होती

पनवेलला गाडीत बसले तेव्हाच माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते वासंतीच्या नावानं. ही माझी कॉलेजातली मैत्रीण. पन्नासच्या दशकातले कृष्णधवल सिनेमे तिला पहिल्यांदा दाखवले मी, आणि आता रोह्याशेजारच्या वरसे गावात ती बायका जमवून तेच दाखवते. म्हणे हॉल भरतो. पुण्यात माझ्या व्याख्यानांना खुर्च्या उरतात.

जिते स्टेशन आलं आणि मी पेण समजून पिशवी उचलली. शेजारच्या बाईनं हात धरून खाली बसवलं. "बस गो, पेण नाय आलं अजून."

पेणला वासंती घ्यायला आली होती. तिचं माहेर गणपतीच्या कारखान्याचं. भावानं चहासोबत मिरगुंडं (पोह्याच्या पिठाचे तळलेले तुकडे) दिली. मूर्तींचे मुकुट, सोंडा, पितांबर सगळं रंगलेलं, डोळे मात्र कोरे. आखणी (डोळे रंगवणं) सगळ्यात शेवटी, असं तो म्हणाला. मी मान डोलावून आणखी एक मिरगुंड उचललं.

हिरव्या खाचरांमधून वरशाला पोचलो. वासंतीनं भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. तेही झकास. माणसानं सोसायचं तरी किती!

दुपारी समाजमंदिरात पडदा लागला. ज्या दिग्दर्शकावर मी कितीतरी वर्षं पुस्तक लिहितेय, त्याचाच सिनेमा. त्या काळी इतर लोक नायिका आली की आधी तिच्या तोंडावर उजेड टाकत. हा तिचे डोळे सिनेमाभर सावलीत ठेवतो; अखेरीस ती खिडकीशी येते तेव्हाच ते उजळतात. हे सांगणारं नाव काही माझ्या पुस्तकाला मिळत नव्हतं, आणि प्रकाशक कंटाळला होता.

वासंती उठली आणि एवढंच म्हणाली, "बायांनो, घाई नको. ह्याची आखणी शेवटाला असते."

बायका हसून सावरून बसल्या. खिडकीचा प्रसंग आला तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आखले गो डोळे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो शब्द सकाळी माझ्याही कानावर पडला होता, आणि मी मिरगुंडं खात बसले होते.

रोहा स्टेशनवर तिला सांगूनच टाकलं, "मी जळते तुझ्यावर."

"जळ की," ती म्हणाली. "पण तो शब्द पुस्तकाला घे. माझं नाव मात्र कुठं नको हं."

घरी येऊन जुनं नाव खोडलं आणि 'आखणी' लिहिलं. मग अर्पणपत्रिकेवर वासंतीचं नाव घातलं. नको म्हणाली होती ना, म्हणून मुद्दाम.