मणीने खाल्लेलं पान

कुंभकोणच्या आमच्या गल्लीत सोवळं भरपूर होतं, माणुसकी तेवढी मोजून मापून. वेंकूअक्काची गोष्ट सांगायला बसले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा मऊ बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये.

वेंकूअक्का म्हणजे वेंकटलक्ष्मी, माझी शेजारीण. लग्नानंतर लवकरच नवरा वारला आणि सासरच्यांनी तिला दारात उभं केलं. धाकटा भाऊ राधाकृष्ण जाऊन तिला घेऊन आला. तिचे केस काढू दिले नाहीत आणि कुठूनसं एक जुनं शिवणयंत्र आणून तिच्यापुढे ठेवलं. गल्ली महिनाभर त्यावर जेवली. पुढे राधाकृष्ण मलायाला, रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून गेला. नागपट्टणला बोटीत चढताना त्याने आपल्या कुत्र्याचा दोर अक्काच्या हातात दिला नि म्हणाला, "मी येईतों ह्यास सांभाळ." कुत्र्याचं नाव मणी. तांबूस, गावठी, एक कान कायम दुमडलेला. मलायात बंडाळी माजली होती, मळ्यांवर गोळीबार होतो असं कोणी ना कोणी वर्तमानपत्रात वाचून अक्काला ऐकवायचं. ती यंत्राचं चाक थांबवून ऐकायची, मग पुन्हा शिवू लागायची.

आमची एक विठ्ठलभजनाची मंडळी होती. दरवर्षी पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, संध्याकाळी सगळी घरं बैलगाड्यांत बसून चोळपुरमच्या पुढे, कोळ्ळिडम नदीकाठी मंडळीचे म्होरके पांडुरंगराव यांच्या आमराईत मुक्कामाला जायची. दोन रात्री झाडाखाली. पावसाळा नुकता सरलेला, जमीन ओली, विंचू पायलीचे पन्नास, म्हणून झाडाझाडांना झोळ्या बांधून निजायचं. झोळ्या जाड तंबूच्या कापडाच्या, आणि एकूण एक झोळी वेंकूअक्काने शिवलेली. पांडुरंगरावांची सगळ्यांत रुंद, कारण त्यांच्या पोटाला ती लागायचीच. शिलाईबद्दल आजवर कोणी तिला गोड शब्द दिला नव्हता, पण एक टाका सुटला तर घरी येऊन दाखवायचे.

मी सांगतेय ते चोपन्न सालचं. मणीच्या पायात काटा जाऊन पाय सुजला होता, त्याला मागे एकटं ठेववेना. अक्का पांडुरंगरावांकडे विचारायला गेली, मी सोबत होते.

"भजनाच्या मंडळीत कुत्रं?" पांडुरंगरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई आतूनच म्हणाल्या. "स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा आहे."

"बांधून ठेवतें, मामी," अक्का म्हणाली. गल्लीत सगळे त्या नवराबायकोला मामा-मामीच म्हणत. "कोणास शिवणार नाही."

पांडुरंगरावांनी बराच वेळ पान चघळलं. तिच्याशिवाय झोळ्या बांधायच्या कशा, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "आमराईत गोठ्यापलीकडे चिंच आहे. तिथे त्याने राहावं. तूही तिथेच झोळी बांध."

म्हणजे कुत्र्याबरोबर तीही बाहेर. एका दगडात दोन पक्षी! अक्का "बरं" म्हणाली. मी तिच्या जागी असते तर सुई मोडून त्यांच्या दारात टाकली असती.

मणी आमच्या गाडीखाली, आसाच्या सावलीत, लंगडत चालत आला. आमराईत पोचल्यावर अक्काने सगळ्यांच्या झोळ्या बांधल्या, प्रत्येक गाठीला लोंबकळून पाहिलं, मग चिंचेला आपली बांधली. मणी तिच्याखाली अंगाचं वेटोळं करून पडला. मंडळींनी पोटभर जेवून, डोळे मिटून, सर्वांभूती देव असल्याची भजनं म्हटली.

दुसरा दिवस काणूचा. महाराष्ट्रात भाऊबीज असते तसं आम्हां तंजावरकडच्या मराठी बायकांत तमिळ शेजारणींकडून हे आलेलं. सकाळी आंघोळीआधी हळदीची पानं मांडायची, त्यांवर पिवळा, तांबडा, पांढरा भात ठेवायचा, उसाचे तुकडे, केळं ठेवायचं आणि कावळ्यांना बोलवायचं. कावळ्यांचा थवा जसा एकत्र राहतो तसा भावांचा संसार एकत्र राहू दे, म्हणून मागायचं. कावळ्यांनी पान साफ केलं की भाऊ सुखरूप. अक्कासाठी वर्षातला हाच एक दिवस होता. समुद्रापलीकडच्या भावासाठी दुसरं तिच्या हातात काय होतं?

उजाडताना ती घागर घेऊन नदीवर गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मणी विव्हळू लागला. पांडुरंगरावांची काकडआरती चालली होती. ते तणतणत उठले, गाडीचा लांब दोर आणून मणीच्या दोराला जोडला, म्हणजे त्याला नदीचा काठ दिसावा आणि त्याने गप्प बसावं. मी झोळीतून हे पाहिलं. चांगलं केलं, असंच मला वाटलं.

काठावर आम्ही पानं मांडू लागलो. अक्का हळदीचं पान घेऊन रांगेच्या टोकाला बसणार, तोच रुक्मिणीबाई म्हणाल्या, "अगे, अस्क्या, एकूणएक, सवाष्णी आहेत इथे. तू आपलं चिंचेपाशी मांड. कावळे काय, तिथेही येतात."

अक्का उठली. चिंचेपासून दूर, कालच्या दोराच्या हिशेबाने मणी पोचणार नाही अशा जागी तिने पान मांडलं, भात वाढला, हात जोडून डोळे मिटले. आणि मणी आला, जोडलेला दोर ओढत, शेपूट हलवत. तिने डोळे उघडेपर्यंत उसाचे तुकडे सोडून पान स्वच्छ झालं होतं.

रुक्मिणीबाई किंचाळल्या. "अय्यो! भावाचा भात कुत्र्याने खाल्ला! ह्याहून अरिष्ट ते काय?" दुसऱ्या बायका कुजबुजू लागल्या, मलाया, गोळीबार, असलं काहीतरी. पांडुरंगरावांनी पोंगलचा ऊस उचलला आणि मणीच्या पाठीत, मग त्याच सुजलेल्या पायावर हाणला. मणी ओरडला आणि अक्काच्या पायांत शिरला.

"मामा, दोर तुम्हीच लांब केलात," मी म्हणाले. "मी पाहिलं."

"उगे बस. लहान तोंडी मोठा घास घेऊ नको."

"आणि पान इथे मामींनी मांडायला लावलं."

माझ्या नवऱ्याने, चंद्रमौलीने, मागून माझा दंड धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना पाहायचं, वर तोंडही उघडायचं नाही!

पांडुरंगराव अक्काला म्हणाले, "हे कुत्रं आत्ताच्या आत्ता आमराईबाहेर सोड. नाहीतर तूही जा. गाड्या उद्याच सुटतील."

सगळे ती रडेल म्हणून वाट पाहत होते. तिने मणीचा पाय चाचपला. मग उठून रांगेपाशी आली, पातेल्यातून तिन्ही रंगांचा भात हातात घेतला, एक केळं उचललं, परत चिंचेपाशी गेली. त्याच पानावर तो भात तिने वाढला, उसाचे तुकडे बाजूला सारले, केळं सोलून ठेवलं. पान मणीपुढे सरकवलं.

"मामी," ती तिथूनच म्हणाली, आवाज न चढवता, "कावळा माझ्या भावाचा कोण लागतो? हा त्याच्या ताटापाशी वाढला. त्याच्या हातचं खाल्लं ह्याने. भावाच्या घरचा जीव जेवला तर भावास अरिष्ट कसं?"

आणि तिने हात जोडले. काणूचं मागणं सावकाश, मोठ्याने, शेवटपर्यंत म्हटलं, राधाकृष्णाचं नाव घेऊन. मणी खात होता. रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. पांडुरंगरावांच्या हातात तो ऊस तसाच राहिला.

अक्काने आपली झोळी सोडली, कापडाची एक पट्टी टरकन फाडून मणीचा पाय बांधला, उरलेल्यात त्याला घालून खांद्याला लावला. मी माझी पिशवी उचलली. चंद्रमौली "लोक काय म्हणतील" म्हणाला. लोक म्हणायचं ते म्हणून चुकले होते.

"अक्का, अस्क्या झोळ्या सोडून नेऊया," मी म्हणाले. "निजू देत ह्यांना चिखलात."

"राहूं दे. विंचू आहेत."

माझा असा संताप झाला की मी चोळपुरमपर्यंत तिच्याशी बोलले नाही. त्या रात्री ते सगळे तिच्या टाक्यांवर सुखाने घोरले असणार!

चोळपुरम मागे पडल्यावर तिने खांदा बदलला. मणीचं तोंड झोळीतून बाहेर आलं होतं. तिने सहजच, खरंच सहज, विचारलं, "वत्सले, तुझा भाऊ यंदा तरी आला होता का गे?"

माझा भाऊ साक्कोट्टैत राहतो. आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. वडिलांच्या जमिनीवरून बिनसलं तेव्हापासून त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही. वाटेत दिसला तर छत्री आडवी धरतो.

त्या सकाळी माझ्या पानावर कावळ्यांनी एक शीतही ठेवलं नव्हतं.