पानांची तोंडं

धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत तिनं एकतीस वर्षं काढली. बोट यायची, जायची. हिला दिसायची ती फक्त तोंडं. घाईतली, झोपाळलेली, भांडायच्या तयारीनं आलेली. एक माणूस वळून निघेपर्यंत मागचं तोंड जाळीशी आलेलं असायचं, त्यामुळं पाठ अशी कुणाची बघितलीच नाही. मग पूल झाला, बोट बंद पडली आणि खिडकीही. लोक मात्र तिला अजून खिडकीबाईच म्हणतात.

घरात ती एकटी. भाची नोकरीसाठी लांब गेली तेव्हा कमरेएवढं रबराचं झाड कुंडीसकट आणून ठेवून गेली. "मावशी, चार महिने सांभाळ. मोठी जागा मिळाली की मी स्वतः येऊन नेते." त्याला आता अकरावा महिना. झाड जगलं तर भाची न्यायला येणार, एवढं सरळ गणित मनात धरून खिडकीबाई त्याला जपत होती. मातीत बोट खुपसायचं, कोरडी लागली तरच पाणी. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, लहान पोराचं तोंड पुसावं तसं.

शेजारीण दारातून बघून म्हणायची, "एवढी बडदास्त नवऱ्याची ठेवली असतीस, तर डोक्यावर बसला असता."

"म्हणून तर केला नाही," खिडकीबाई म्हणायची.

तरी पानं गळायला लागली. आधी खालचं पान पिवळं पडायचं, मग एका सकाळी फरशीवर सापडायचं. चौदाची नऊ झाली तेव्हा तिनं गळलेलं पान पिशवीत घातलं आणि रोपं विकणाऱ्या म्हाताऱ्याला नेऊन दाखवलं.

त्यानं पान उलटंपालटं केलं. "कीड नाही. पाणी फार घालता?"

"बोट घालून बघते आधी."

"ठेवता कुठं?"

"सकाळी खिडकीत." ती जरा घुटमळली. "दुपारी आत आणते, खुर्चीसमोर. मग संध्याकाळी परत खिडकीत."

"फिरायला नेता काय त्याला?"

"तसं नाही हो. खिडकीत सगळी पानं बाहेर तोंड करून बसतात. मला नुसत्या पाठी दिसतात. म्हणून उचलून आणते, माझ्याकडं वळवून ठेवते. दुसऱ्या दिवशी बघावं तर परत तिकडंच."

म्हातारा हसला नाही. "बाई, ते उजेडाकडं बघतं. रोज उचलाउचल केली की दमतं आणि पानं टाकतं. एका जागी राहू द्या. आठवड्यातून एकदा पाव फेरी फिरवा, बास."

घरी येऊन तिनं झाड खिडकीपासून हातभर आत ठेवलं आणि हात आवरले. खुर्ची दाराकडं तोंड करून होती तशीच. खुर्चीतून मान वळवली की नऊ पाठी. दुपारी हात शिवशिवायचे, मग ती उठून उगाच भांडी घासायची, घासलेलीच. महिना गेला, पान गळलं नाही. शेंड्याला लाल टोकदार कोंब आला तेव्हा तिनं भाचीला फोन लावला.

"झाड झकास आहे गं. कोंब फुटलाय. कधी येतेस न्यायला?"

"अगं मावशी, ते अजून आहे?" भाची हसली. "ठेव तुलाच. इथं मला पाय पसरायला जागा नाही, झाड कुठं ठेवू?"

"बरं," खिडकीबाई म्हणाली. "आणि तू?"

"बघू ना. सुट्टी मिळाली की."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. समोर दार. शेजारीण सोडली तर त्यातून कोण येणार होतं? मग तिनं स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल उचललं, झाड आणि खिडकी यांच्या मधे ठेवलं आणि खिडकीकडं पाठ करून बसली.

पूर्वी धक्क्यावर तोंडांसमोर बसायची तशीच. समोर नऊ पानं, सगळी तिच्याकडं तोंड करून, आणि शेंड्याला तो कोंब.

तिची सावली खालच्या दोन पानांवर पडत होती. तिनं स्टूल वीतभर बाजूला सरकवलं.