पहिल्या इंग्रजांचे हाल, वीसपैकी सात

पालमला बी.ए.च्या बहिःस्थ विद्यार्थ्यांना मी दर रविवारी इतिहास शिकवायचो. अमेरिकेत उतरलेले पहिले इंग्रज, त्यांचे हेतू आणि त्यांचे हाल, हा माझा हातखंडा धडा. दलदल, खारट पाणी, ताप, आणि शेवटी भुकेपायी उकळून खाल्लेले चामड्याचे बूट. बुटांपाशी मी आवाज खाली आणायचो. वर्ग हळहळायचा.

त्या रविवारी मात्र कुणी हळहळलं नाही. पुढच्या बाकावर चाळिशीच्या एक अंगणवाडी मदतनीस बसायच्या. त्यांनी विचारलं, "सर, त्येंनी पेरणी कवा केली?"

"फारशी केलीच नाही. बरेचसे खानदानी होते, कष्टाची सवय नव्हती. ते सोनं शोधत होते."

"घावलं?"

"नाही."

"मंग खायाला कोन देत होतं?"

"तिथले मूळ लोक. मका द्यायचे. पुढं देईनात, तेव्हा यांनी त्यांची गावं जाळली, मका उचलला."

"म्हंजी पेरायचं न्हाई, दुसऱ्याच्या रानात सोनं हुडकायचं, वरून त्येचंच पीक लुटायचं. ह्याला तुमी हाल म्हणायलाव, सर? आमच्याकडं ह्याला दुसरा शबुद हाय."

वर्ग खो खो हसला. मी घाईघाईनं फळ्याकडं वळून हेतू लिहू लागलो : धर्मस्वातंत्र्य, व्यापार, साहस.

"लय सोज्वळ लिहायलाव," मागून त्याच बाईंचा आवाज आला.

महिन्याभरानं स्वाध्याय तपासायला आले. बाकीच्यांनी मोबाइलवरून 'धाडसी वसाहतकार' उतरवले होते. बाईंनी वर्गातलं आपलं बोलणंच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं. वाचताना मला शरम वाटली. इतकी वर्षं मी मका पेरणाऱ्यांबद्दल एक वाक्यही धड बोललो नव्हतो. शरम वाटून झाल्यावर मी नमुना उत्तर उघडलं. त्यात बाईंचा एकही मुद्दा नव्हता. वीसपैकी सात दिले.

त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्येंचे हाल वाढवून लिव्हले तर गुण वाढतेत का?"

"वाढतात."

पुढच्या रविवारी त्यांनी तीन पानं आणून दिली. थंडी, ताप, मायदेशाची आठवण, आईला लिहिलेलं पत्रसुद्धा. मका कुठंच नव्हता. मी अठरा दिले.

बाई पास झाल्या. त्या वर्षी उत्कृष्ट निकालाबद्दल माझा सत्कार झाला. शाल मी घेतली.