दोघांच्या सायकलवरून अनेरकडे

माझे सासरे, नाना, तीस वर्षं बसवर ड्रायव्हर होते. चोपड्याहून शिरपूरकडे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना जाणाऱ्या गाड्या त्यांनी चालवल्या. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर बाजूबाजूने खायला सुरुवात केली. बांगडीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसायचं. एकदा स्कूटरवर असताना केळीच्या गाडीला धडकले. फार लागलं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि त्यानंतर ओट्यावरून खाली उतरायचंच जवळजवळ सोडून दिलं. तिथे बसून आवाजावरून ओळखायचे, हा ट्रॅक्टर, हा टेम्पो, ही अमुक गावची गाडी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मी सायकल घेतली. रविवारी पहाटे निघायचं, डोंगराच्या बाजूला जायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. परत आले की नाना विचारायचे, "कोठपर्यंत गई व्हती? त्या नाल्यावरचा पूल झाला का? चढावरचं मंदिर रंगवलं का?" सुरुवातीला मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नसे. मी आपली पुढच्या चाकाकडे बघत गेलेली. मग त्यांच्यासाठी म्हणून बघायला लागले.

एका रविवारी लासूरच्या पुढे कुत्री मागे लागली आणि मी अर्ध्यातूनच परतले. घाबरून परतले हे सांगायची लाज वाटली. म्हणून रस्ता सगळा केला असं दाखवत मी त्यांना वर्णन ऐकवलं. वळणावरचं मोठं अंजनाचं झाड छान पालवलंय, असंही सांगितलं. कारण त्या झाडाचं नाव त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

नानांनी मान माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "ते अंजननं झाड तर कव्हयच तुटी गयं, बेटा."

रागावले असते तर बरं झालं असतं. ज्या माणसाला माझ्या डोळ्यांशिवाय दुसरा रस्ता उरला नव्हता, त्याला मी खोटं दाखवलं होतं. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "नानांनाच घेऊन जायचं."

त्याने मोबाइलवर दोन माणसांची सायकल दाखवली. तसली इथे कुठे मिळणार? बाजारातल्या वेल्डिंगवाल्याने दोन जुन्या सायकली जोडून दिल्या. पुढे हँडल, ब्रेक, घंटी. मागे नुसताच पक्का बसवलेला दांडा, धरायला. घरी आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सून पुढे अन् सासरा मागे? लोक काय म्हणतील?" नाना सायकलवरून हात फिरवत राहिले.

कॉलेजच्या मैदानावर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी तीनदा पडलो. कारण एकच. थोडा वेग आला की नानांचा उजवा पाय ब्रेक शोधायला बाहेर जायचा आणि तोल जायचा. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा मी ओरडलेच, "नाना, पाय आत ठेवा! ब्रेक माझ्याकडे आहे!"

ते उठले, पँट झटकली. "माले पोतं समजस का तू? चाळीस-पन्नास मानसं मागे बसाडीसन मी गाडी चालाडी."

मीही चिडले होते. म्हणाले, "त्या चाळीस जणांनी कधी ब्रेक शोधला का?"

ते भिंतीला हात लावत लावत मैदानाच्या फाटकाकडे चालायला लागले. दोन दिवस जेवणसुद्धा मुकाट्याने. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवायला उठले तर नाना बूट घालून ओट्यावर बसलेले.

होळीच्या सुमारास आम्ही अनेर धरणाकडे निघालो. गावाबाहेर केळीच्या बागा, मग कापसाची मोकळी झालेली शेतं. नाना मागून सांगत होते, "आते चढ येई. आते डाव्या हातले विहीर." विहीर असायचीच. मला गंमत वाटत होती आणि त्यांचा आवाज मोकळा होत चालला होता. हातेडच्या पुढे मात्र ते एकदम म्हणाले, "सावली का नही पडत? लिंबना झाडं कोठे शेतस?"

रस्ता रुंद केलेला होता. दोन्ही बाजूंना मुरुमाचे ढीग आणि उघडं आकाश. या वेळी मी खरं सांगितलं, "नाहीत नाना. कडुलिंब तोडलेत."

"बठ्ठा?"

"बठ्ठा. एकूण एक."

त्यांनी पेडल मारायचं थांबवलं. मागचा भार एकदम जाणवला. मी सायकल कडेला घेतली. नाना दांडा घट्ट धरून बसले होते. आपण कुठे आहोत हे त्यांना कळेनासं झालं होतं, आणि तीस वर्षांत या रस्त्यावर असं कधी झालं नव्हतं. शेवटी म्हणाले, "आते तू सांग. मी आयकस."

मग मी सांगत गेले. फाट्यावर उजवीकडे वळलो, रस्ता अरुंद झाला, सागाची मोठी पानं गळून वाटेवर कुरकुरत होती, पळस पेटल्यासारखा फुलला होता. चढावर मी धापा टाकायला लागले की ते मागून जोर लावत. सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाच्या पायांत इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

एका पाड्याजवळ पाणी मागायला थांबलो. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांचा गोडसर, आंबूस वास सगळीकडे भरला होता. एका म्हाताऱ्या बाईने लोटा भरून आणला. तिने नानांकडे निरखून पाहिलं.

"तू गाडीवाला ना? सकाळच्या गाडीवरचा?"

नाना खुलले. "हाव, मीच. ओळखलं का?"

"ओळखणार नाही?" बाई म्हणाली. "आम्ही हात करायचो, तू थांबायचा नाहीस. डोक्यावर डिंकाचं, चारोळीचं गाठोडं घेऊन बाजाराला चालत जायचो. पोटुशी होते तेव्हाही चालत गेले." ती हसत होती. पण हसण्यात सगळंच हसू नव्हतं.

नाना म्हणाले, "तठे थांबा नव्हता."

"नव्हता," ती म्हणाली. "आम्ही मात्र उभ्या होतो."

नानांनी लोटा खाली ठेवला. चाचपडत दोन्ही हात जोडले. "थांबाले पायजे व्हतं," ते म्हणाले. एवढंच.

बाईने त्यांचे हात खाली केले. त्यांना नीट दिसत नाही हे तिला तेव्हाच समजलं असावं. तिने लोटा उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि बोटं त्याभोवती नीट बसवली. "पी. पुढे चढ आहे."

धरणावर पोचलो तेव्हा उन्हं तापू लागली होती. पाणी बरंच आटलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात कुणीतरी टरबुजाचे वेल लावले होते. पलीकडे डोंगर निळसर. नानांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझा खांदा धरून पाण्यात उभे राहिले. मी बगळे मोजून सांगितले. त्यांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "खिडकीतून तिचं तोंड दिसायचं. गाडी पुढे गेल्यावर मी आरशात पाहायचो नाही."

परतताना उतारावर ते शांत बसले होते. पाय एकदाही बाहेर आला नाही.

घरी पायांना गोळे आले. सासूबाईंनी तेल चोळता चोळता दोघांनाही बोलून घेतलं. नानांनी घरात सगळं सांगितलं: तोडलेले लिंब, पळस, टरबुजं. पाड्यावरच्या बाईचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. ते सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं.

यंदा पावसाळ्यात उरलेली नजरही गेली. उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. डोळ्यांत थेंब चालू आहेत. सायकलही चालू आहे. वेल्डिंग दोनदा सुटलं, दोनदा जोडलं. लोक आता हसत नाहीत, उलट हात करतात. कुणी हात केला की मी नानांना सांगते आणि नाना थांबायला लावतात. त्यामुळे कुठेही जायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो.

परवा दुपारी मी वह्या तपासत होते. ओट्यावर नाना सासूबाईंना हळू आवाजात काहीतरी सांगत होते. गाठोडं, चारोळी, थांबा, असे शब्द माझ्या कानावर आले. सासूबाई शेंगा फोडायच्या थांबल्या.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय," नाना म्हणाले. "तुले सांगितलं."

मग शेंगा फोडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी दोघांचा.