पान दोनशे बारावरची म्हातारी

"आधी मला सांग, ही म्हातारी कोण?"

"कुठली म्हातारी?"

"चौथ्या भागातली! पान दोनशे बारा. रणकेतूला भाकरी वाढते आणि वर शिव्या देते ती!"

"हळू बोला. मिरचीचा हात आहे माझा, कानावर ठेवता येत नाही."

सरोजिनी सांडगी मिरच्या भरत बसली होती. समोर तिचे यजमान, नृसिंह हुपरीकर, निवृत्त अव्वल कारकून आणि 'वज्रशिखराचा रणकेतू' या पाच भागांच्या अद्भुत कादंबरीचे कर्ते, अंगावरची सत्काराची शाल न काढताच उभे होते. मुलगा मोहित टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत होता. सून अस्मिता मोरीपाशी भांडी घासत होती, पण बराच वेळ एकच पातेलं घासत होती.

"तिचं नाव तायव्वा," सरोजिनी म्हणाली. "आणि ती फक्त चौथ्यात नाही, दुसऱ्या भागापासून आहे. तुम्ही वाचलं असतं तर कळलं असतं."

"मी माझं छापलेलं वाचत नाही. सिंह मागं वळून बघत नाही!"

"सिंहच बघतो. सिंहावलोकन म्हणतात त्याला."

मोरीतलं पातेलं हातातून निसटलं.

नृसिंहरावांचं लेखन गगनबावड्यात सुरू झालं. तिथल्या कचेरीत त्यांची बदली झाली होती, आणि त्या पावसात चार महिने माणूस कचेरीला येत नाही. दौतीतली शाई आणि टेबलावरचे कागद दोन्ही ओलसर. अशा एका दुपारी त्यांना रणकेतू सुचला. आई नाही, बाप नाही, गुरू नाही, मित्र नाही. वज्रशिखराच्या खडकातून तलवारीसकट बाहेर आलेला पुरुष. तो कुणाचं काही घेत नाही, कुणाला काही देत नाही. या विचाराला त्यांनी 'स्वयंभूवाद' असं नाव दिलं आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याची वीस-पंचवीस पानं घातली. त्यातलं त्यांचं आवडतं वाक्य असं: 'ज्याला टेकू लागतो ती भिंत, जो टेकू नाकारतो तो डोंगर.'

हे वाक्य त्यांनी मांडीवर पाट ठेवून, पाठीला दोन उशा घेऊन लिहिलं होतं. उशा सरोजिनीनं आणून दिल्या होत्या.

त्यांचं अक्षर फक्त तिला लागायचं. त्यामुळे पहिल्या भागापासून टायपिंग तिच्याकडे. घरातलं आवरून ती दुपारी संगणकाशी बसायची आणि राक्षस, गरुडसेना, अग्निबाण सगळं मुकाट्यानं टाईप करायची. दुसऱ्या भागात रणकेतू वाळवंटातल्या एका किल्ल्यात तीन महिने एकटा लढत होता. तिनं विचारलं, "अहो, हा जेवतो कधी?"

"रणकेतूला भूक नाही. भूक हे परावलंबन आहे," नृसिंहराव म्हणाले. "पिठलं आहे का अजून?"

पिठलं वाढून ती संगणकाशी परत आली आणि किल्ल्याच्या दारात तिनं एक म्हातारी बसवली. तिच्या माहेरी, कागलच्या बाजूला, शेजारी एक तायव्वा होती. ती कुणालाही, अगदी पोस्टमनलाही, जेवल्याशिवाय सोडत नसे आणि शिव्या दिल्याशिवाय वाढत नसे. तीच. तीनच ओळी घातल्या. पुस्तक छापून आलं. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या भागात तायव्वाला दीड पान मिळालं. चौथ्यात आख्खं प्रकरण, पाचव्यात दोन.

पाचव्या भागाच्या वेळी छापखान्यातून फोन आला, 'ऋणनिर्देशाचं पान मोकळं राहिलंय, काय टाकायचं?' नृसिंहरावांनी आयुष्यभर वरच्या कचेरीला माहितीचे तक्ते पाठवले होते. ज्या रकान्यात कळवण्यासारखं काही नसेल तिथं काय लिहायचं हे त्यांच्या हातात बसलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं: 'ऋणनिर्देश – निरंक.'

तो कागद टायपिंगला सरोजिनीकडेच आला. तिनं वाचला. चष्मा पुसला. "निरंकमध्ये 'र'वर अनुस्वार ना?" एवढंच विचारलं, आणि टाईप करून दिलं.

त्या एका शब्दावर वाचक तुटून पडले.

नृसिंहरावांना वाचक होते, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. शाहूपुरीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला यशराज, फिजिओथेरपी करणारी क्रांती आणि त्यांच्यासारखी शंभर-सव्वाशे पोरं पाचही भाग कोळून प्यायली होती. लढाया त्यांना मनापासून आवडत. स्वयंभूवादाची पानं आली की मात्र ती जोरात वाचून दाखवायची आणि हसून लोळायची. 'निरंक' छापून आल्यावर त्यांनी 'निरंक तालीम मंडळ' नावाचा व्हॉट्सॲप गटच काढला. पाचव्या भागाच्या पाठीवर नृसिंहरावांचा हाताची घडी घालून, शिवजयंतीच्या मिरवणुकीतली तलवार कमरेला लावून काढलेला फोटो होता. रोज सकाळी तो फोटो नवा मजकूर घेऊन यायचा.

'सरांचा शर्ट इस्त्री कुणी केला? निरंक.'

'ज्याला चहा लागतो तो माणूस. ज्याला चहा जागेवर लागतो तो डोंगर.'

अस्मिता त्या गटात होती. ती सगळं सासूला वाचून दाखवायची. सरोजिनी हसायची नाही, पण "परत वाच" म्हणायची.

आज मंडळाचा मेळावा होता. चाळीस जण काळे शर्ट घालून आले होते आणि प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या अक्षरात 'निरंक'. नृसिंहरावांना भरून आलं. आपला विचार तरुणांच्या छातीपर्यंत पोचला म्हणून त्यांनी पस्तीस मिनिटं भाषण केलं. माईकचा स्टँड मोडलेला होता, म्हणून 'या जगात माणूस एकटा उभा राहतो' हे सगळं भाषण होईपर्यंत यशराज शेजारी माईक धरून उभा होता. त्याचा हात भरून आला तेव्हा त्यानं हात बदलला.

मग क्रांती उठली.

"सर, एकच विचारायचं हाय. सहाव्या भागात तायव्वा हाय न्हवं?"

"कोण तायव्वा?"

सभागृह हसण्यानं असं फुटलं की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. पोरांना वाटलं, सर पहिल्यांदाच विनोद करतायत. यशराज म्हणाला, "सर, तुमची तायव्वा की! आख्ख्या वज्रशिखरात सगळी 'हे नरश्रेष्ठा, हे नरश्रेष्ठा' करत्यात, आणि ही एकटीच म्हणती, जेवतोस का न्हाईस रं मुडद्या!"

"ती... प्रतीकात्मक आहे," नृसिंहराव म्हणाले.

"कशाचं प्रतीक, सर?"

नृसिंहराव पाणी प्यायले. क्रांतीनं चौथा भाग काढला, पान दोनशे बारा उघडलं आणि वाचायला लागली. रणकेतू सात राज्यं जिंकून, रक्तानं माखून झोपडीत येतो. म्हातारी त्याच्याकडे वर बघत नाही. आणि इथं क्रांतीबरोबर चाळीसच्या चाळीस तोंडं एकदम बोलली, पुस्तकात न बघता:

"जग जिंकशील बाबा, पण आधी हात धू."

नृसिंहरावांची स्वतःची दोन वाक्यं लोकांना पाठ होती आणि दोन्ही टिंगलीसाठी. हे वाक्य मात्र पोरं डोळे मिटून म्हणत होती. ते आपलं नाही, एवढं नृसिंहरावांना नक्की कळलं. घरात दुसरं कोण लिहू शकतं, हे कळायला घरी परतताना रिक्षा बिंदू चौकापर्यंत यावी लागली.

"ही घुसखोरी आहे," आता ते शालीतून म्हणत होते. "माझ्या राज्यात! माझ्या अपरोक्ष!"

"तुम्ही शेजारच्या खोलीत झोपला होता," सरोजिनी म्हणाली. "दुपारची वेळ होती."

"बाबा," मोहित म्हणाला, "पण लोकांना आवडलीय ती."

"तू मध्ये बोलू नकोस. लोकांना काय, वडापाव पण आवडतो." ते सरोजिनीकडे वळले. "काढून टाक. सहाव्या भागात ती नको, आणि मागच्या भागांच्या नव्या आवृत्त्या निघतायत त्यातूनही नको. रणकेतूला कुणाच्या भाकरीची गरज नाही."

"बघा हां. एकदा काढली की काढली."

"निर्णय झाला."

"मग तुम्हीच काढा की."

"मला टायपिंग कुठं येतं?" ते म्हणून गेले. "म्हणजे शिकलो नाही मी," त्यांनी दुरुस्ती केली आणि शाल काढायला आत गेले. शालीची पिन मागं लागली होती; ती काढायला अस्मिताला हाक मारावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून सरोजिनीनं दोन ते पाच असे चारही भाग उघडले आणि तायव्वाला शोधून शोधून उचललं. जिथून ती उठली तिथं रणकेतू पुन्हा उपाशी बसला. चार दुपारी गेल्या. त्या चार दिवसांत तिनं एकदाही विचारलं नाही की हे ठेवू का, ते ठेवू का. नृसिंहराव मधूनमधून दारात यायचे, पडद्याकडे बघायचे आणि "हं" म्हणून जायचे.

इकडे त्यांनी अस्मिताकडून टाईप करून घेऊन मंडळाच्या गटावर जाहीर करून टाकलं: 'रणकेतूला कोणाच्याही भाकरीची गरज नाही. तायव्वा हे पात्र रद्द करण्यात येत आहे.' खाली पहिलं उत्तर यशराजचं आलं: 'मग सरांनी बी आज घरात जेवू नये.' संध्याकाळपर्यंत तायव्वा बेपत्ता असल्याची जाहिरात फिरायला लागली. 'वर्ण सावळा, नेसण नऊवारी, हातात परात. शेवटी दिसल्या तेव्हा शिव्या देत होत्या. माहिती देणाऱ्यास पोटभर जेवण.' क्रांतीनं लिहिलं, ती सहावा भाग घेणार नाही. तिच्या खाली सत्तर जणांनी 'मी पण' लिहिलं. त्यात चेष्टा नव्हती, आणि तेच नृसिंहरावांना लागलं. चेष्टा करणारे निदान विकत घेत होते.

पाचव्या दिवशी प्रकाशक सयाजीराव यांचा फोन आला. ते बराच वेळ बोलले. नृसिंहराव "हं", "असं?", "पण तत्त्व म्हणून..." एवढंच बोलले. सयाजीराव मग म्हणाले, "वहिनींना द्या जरा." सरोजिनी फोन घेऊन परसदारी गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. विचारणं म्हणजेही एक प्रकारे परावलंबनच.

जेवायला सगळे बसले तेव्हा नृसिंहरावांनी घसा साफ केला.

"मी पुष्कळ विचार केला. रणकेतूच्या आयुष्यात एखादी म्हातारी असायला तत्त्वतः हरकत नाही. डोंगराच्या पायथ्याशी झोपडी असली म्हणून डोंगर काही लहान होत नाही." त्यांनी ताट पुढं सरकवलं. "घाल तिला परत. ऋणनिर्देशाच्या पानावर तुझं नाव घालू, हवं तर. टंकलेखन म्हणून."

मोहितनं आईकडे बघितलं. अस्मितानं भाताचा घास तोंडापाशीच थांबवला.

सरोजिनीनं त्यांच्या ताटात आमटी वाढली, डाव पातेल्यात ठेवला आणि आपल्या ताटावर येऊन बसली.

"तायव्वा आता परत येणार नाही," ती म्हणाली. "चार भागांतली मिळून पन्नासेक पानं निघाली. पुढचं मी लिहिणार आहे, तिचंच, वेगळं पुस्तक. सयाजीरावांना सांगून झालंय. उद्यापासून सकाळी नऊ ते बारा टेबल मला लागेल. सहावा भाग दुपारी टाईप करीन, होईल तेवढा."