तपासनीस काकांचा कान

तपासनीस काका माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते औषध घ्यायला नव्हे. पिशवीतून त्यांनी वीतभर पाणसळ काढली, स्टूल ओढलं, वर चढले आणि माझ्या मेडिकलच्या पाटीवर ती ठेवली. बुडबुडा मध्यावर नव्हता. "पाटी डावीकडे उतरली आहे," खाली येऊन त्यांनी सांगितलं. "तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला आधीच गरगरत असतं. त्यात ही भर कशाला?" मी दुसऱ्या दिवशी पाटी सरळ करून घेतली. उतरली होती हे खरंच होतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर माझं दुकान आणि दुसऱ्या मजल्यावर काका. नोकरी सगळी पिंपरीच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेली. तयार झालेला सुटा भाग मापात आहे की नाही हे सांगायचं, एवढंच काम. निवृत्त झाले तरी सवय राहिली. इमारतीची लिफ्ट बदलायची ठरली तेव्हा कंत्राटदाराने कामाला किती दिवस लागतील हे सांगण्याआधी, दुसऱ्या मजल्यावरचे काका गावाला कधी जाणार आहेत, हे विचारून घेतलं होतं.

पण दुसऱ्याच्या चुका काढत फिरणारा माणूस वेगळा, काका वेगळे. काकांचा नियम होता, "आधी मी, मग माप, मग माल." एखादा भाग मापात बसला नाही तर तो लगेच बाद करायचा नाही. आधी मोजणाऱ्या हातावर संशय घ्यायचा, मग मोजायच्या उपकरणावर, आणि शेवटी त्या भागावर. घरीही तेच. चहा अगोड लागला तर साखर मागण्याआधी ते चूळ भरून येत. दुकानात रक्तदाब जास्त निघाला की मशीन आपटून बघणारी माणसं मला रोज भेटतात. काका म्हणत, "मी जिना उतरून आलोय. जरा बसू द्या, मग घ्या."

तरुणपणी ते कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकू गेल्यावर त्यांनी ती माळ्यावरून काढली. लाल रंगाची, जड, शिसवी पाटासारखी. तिच्या तारांखाली दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते वरच्या तारांची थरथर पकडतं आणि स्पीकरकडे पाठवतं. त्यातला एक मुका झाला होता. दुरुस्तीला द्या म्हटलं तर काका म्हणाले, "दुकानदार दुरुस्त करून देईल, पण काय बिघडलं होतं ते सांगणार नाही. मग मला झोप कशी लागेल?" त्यांनी नवा पिकअप मागवला, बुधवार पेठेतून सोल्डरिंग गन आणि कथील आणलं आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. कथिलातल्या राळेचा वास जिन्यात उतरला. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी काही जळतंय का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना धूप घातलाय असं उत्तर मिळालं.

तोपर्यंत काकांच्या दोन्ही कानांत मशीन आलं होतं. त्याच्या बारक्या बॅटऱ्या ते माझ्याकडून नेत. एकदा बॅटऱ्या घ्यायला आले आणि निघताना म्हणाले की, उद्या संध्याकाळी एका संगीत क्लासचे सर येऊन गिटार घेऊन जाणार आहेत. रद्दी द्यायची आहे, अशा आवाजात. पिकअप बसला नाही का, मी विचारलं.

"बसला. गिटार ठीक आहे. मी ठीक नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुना पिकअप एकटा लावला की आवाज चांगला येई. नवा एकटा लावला तरी चांगला. पण दोन्ही एकदम लावले, आणि तरुणपणी ते नेहमी तसेच वाजवत, की आवाज रिकाम्या डब्यातून आल्यासारखा पातळ. त्यांनी प्रत्येक जोड उकलून पुन्हा लावला होता. मीटरवर सगळे आकडे बरोबर. "मापात दोष नाही, मालात नाही. मग उरलं कोण? मशीन लावूनही कान एवढंच ऐकणार असेल, तर ज्याला ऐकू येतं त्याने वाजवावी."

दुपारी एक ते चार माझं दुकान बंद असतं. मी वर गेले. मला संगीतातलं काही कळत नाही आणि मी तसं सांगितलं. काकांनी एकेक पिकअप लावून वाजवलं. दोन्ही वेळा आवाज भरून आला. मग दोन्ही एकदम लावले. आवाज आक्रसला, नुसती किणकिण राहिली.

"मलाही पातळच ऐकू येतंय," मी म्हटलं.

काका हसले. "ताई, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?"

त्यांनी विचार केला. उदाहरण सापडलं नाही. तरी मान हलेना. तेव्हा मी गल्ल्यावर बसून जे रोज बघते ते सांगितलं. म्हातारपणी कान आधी बारीक आवाज सोडतो, जाड नाही. "माझ्या मोबाईलची रिंग तुम्हाला ऐकू येत नाही, रस्त्यावरच्या ट्रकची घरघर येते. मग इथे उलटं कसं? बारीक राहिलं आणि जाड गेलं. हे कानाचं काम नाही, काका."

त्यांनी गिटार हळूच टेबलावर ठेवली. मग उठून कपाटातून जुना, काट्याचा मीटर आणला. त्याची टोकं एका पिकअपला लावली, स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवून झटक्यात उचलला. काटा उजवीकडे उडाला. दुसऱ्या पिकअपला तसंच केलं. काटा डावीकडे गेला. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा डावीकडे.

"एकमेकांविरुद्ध लागलेत," ते म्हणाले.

नवा पिकअप दुसऱ्या कारागिराचा. त्याच्या दोन वायरींचा क्रम उलटा होता. एकटा वाजताना त्याने काही बिघडत नाही. दोघे एकदम वाजले की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि आवाजाचं पोट नाहीसं होतं. काकांनी त्या दोन वायरींची अदलाबदल केली. मी टॉर्च धरला होता. वाजवलं, तेव्हा फळीवरच्या वाट्या वाजल्या.

त्यांनी लगेच क्लासच्या सरांना फोन लावला. "देणार नाही. दोष सापडला. नाही, माझ्यात नव्हता." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळी नोकरी 'आधी मी' म्हणत काढली. तिथे थांबायचं नसतं, हे कोणाला शिकवलंच नाही."

पुढे कान गेलेच. ते वायरी बदलून येणारं नव्हतं. बॅटऱ्या न्यायचे थांबले. दुकानात आले की मी पाकिटावर लिहून दाखवायची, ते मोठ्याने वाचायचे आणि रांगेतल्या सगळ्यांना त्यांची औषधं कळायची. एकदा गोळ्या द्यायला वर गेले तर दार उघडं होतं. स्पीकर बंद. काका डोळे मिटून वाजवत होते, आणि गिटारीच्या धडाच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर हनुवटी घट्ट दाबलेली. मला बघून, बहिरी माणसं बोलतात तसे, भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आवाज हाडातून येतो, ताई. जाड जाड सगळं येतं." मी गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि खाली आले.

मागच्या थंडीत ते गेले. मुलगी बंगळुरूहून घर आवरायला आली होती. निघताना गिटार खांद्याला लावून दुकानात आली, माझे आभार मानले, मग गिटारीचं वरचं टोक दाखवलं. तिथला लाल रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं, अंगठ्याएवढं. एवढं रंगवून देणारा माणूस तिकडे मिळतो, करून घेऊ का, असं तिने विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "ते तिथून ऐकत असत."