टेकडीवरचं पाणी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटची सोन्याची खाण बंद पडली तसे पेनहेल नवराबायको पोरीला घेऊन मेलबर्नला आले. त्यांच्यासारखे हजारो आले. तिथल्या कॉलिंगवूडच्या टेकडीखालच्या सखल वस्तीत कारखान्याला कारखाना आणि घराला घर चिकटलं. गटारं मात्र कुणी बांधली नाहीत. टेकडीवरच्या बंगल्यांची घाण जमिनीखालच्या नळातून पायथ्याशी येई आणि तिथून उघड्या चराने दारादारांसमोरून वाहे.

सायलस चामड्याच्या कारखान्यात लागला. लव्हिनिया टेकडीवरच्यांचे कपडे धुई. सोड्याने तिच्या हातांची सालं निघत. त्या उन्हाळ्यात विषमज्वर आला आणि त्यांची पोर टॅम्सिन गेली.

पोरीला पुरून आले, तर दारात बंगल्यावरची मोलकरीण उभी. "बाईसाहेबांनी कपडे परत मागितलेत. तुमच्याकडे ताप आहे म्हणे."

"ताप काय माझ्या चुलीवर शिजला होय गं? तुमच्याच मोरीतून उतरला तो!" लव्हिनिया कडाडली.

लव्हिनिया नगरपालिकेच्या सभेला गेली. तिथे अध्यक्ष म्हणाले, "खालच्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती उठून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी ती घाणीच्या नळाच्या तोंडात विटा आणि चिखल ठासत होती. शेजारची ब्रिडी कॉफलन धावत आली. "अगं बये, हे काय मांडलंयस?"

"ज्याचं त्याला परत देतेय. हात लाव."

ब्रिडीने स्कर्ट खोचला आणि कारखान्यामागची कुजकी कातडी ओढून आणली.

पाणी तुंबून बंगल्यांच्या अंगणात चढलं. वस्तीतली पोरं पटापट मेली तेव्हा एकही अधिकारी फिरकला नव्हता. आता मुकादम, इंजिनीयर, पोलीस सगळे धावले. लव्हिनियाने दोष एकटीच्या अंगावर घेतला.

न्यायाधीश खेकसले, "लोकांच्या जिवाशी खेळलीस, कळतं का?"

"कळतं, साहेब. माझी पोर त्यातच गेली."

महिनाभर तुरुंग झाला. सुटली तेव्हा ब्रिडी फाटकाशी उभी होती.

"पक्कं गटार झालं गं. विटांचं, वरून झाकलेलं."

"खरंच? कुठपर्यंत?"

ब्रिडीने मान खाली घातली. "पायथ्यापर्यंत. तोंड आता माझ्या दारासमोर उघडतं. धाकटा रविवारपासून तापाने फणफणलाय."

लव्हिनिया स्वतःच्या घरी गेलीच नाही. ती तशीच ब्रिडीच्या पोराच्या उशाशी जाऊन बसली.